दुरंगी पानांचं हार्डी जिरेनियम: लावायचं कसं आणि पानांचा रंग टिकवायचा कसा

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण नवीन माणूस फसतो तो इथेच आणि मी पण फसले होते. इंग्लंडला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी लाल फुलांची एक कुंडी "जिरेनियम" म्हणून घरी आणली, तीन महिने खिडकीखाली अशी फुलली की येणारा-जाणारा थांबून बघायचा, आणि नोव्हेंबरात पहिला कडक फ्रॉस्ट पडला तशी एका रात्रीत काळी पडून लोळली. मला वाटलं पाणी जास्त झालं की काय. तसं काही नव्हतं, ते झाड मुळात पेलार्गोनियम होतं, म्हणजे मुख्यतः दक्षिण आफ्रिकेकडून आलेला वंश, त्याला बर्फ सोसतच नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात हल्ली सुगंधी तेलासाठी जी जिरेनियमची शेती करतात ना, ते पण पेलार्गोनियमच. लिनियसने दोघांनाही एकाच जिरेनियम नावाखाली घातलं होतं, १७८९ मध्ये ते दोन वंश वेगळे केले गेले, पण लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलं ते बसलंच.

आपण बोलतोय ते खरं जिरेनियम, हार्डी जिरेनियम, इथे नर्सरीत त्याला क्रेन्सबिल पण म्हणतात. ग्रीकमध्ये गेरानोस म्हणजे क्रौंच पक्षी, आणि फूल गळल्यावर त्याची जी शेंग होते ती अगदी क्रौंचाच्या चोचीसारखी लांब आणि टोकदार असते. (पेलार्गोस म्हणजे करकोचा, म्हणजे नावातसुद्धा दोघं शेजारीशेजारीच राहिले.) हे झाड जमिनीत लावायचं, हिवाळ्यात बहुतेक जातींचा वरचा भाग मरतो, मुळाशी गड्डा जिवंत राहतो आणि मार्चमध्ये परत कोंब येतात. यातल्या बऱ्याच जाती उणे २० अंशांपर्यंत टिकतात, त्यामुळे थंडीची काळजी सोडून द्या.

आता मुद्दा. हिरव्या पानांचं साधं हार्डी जिरेनियम लावणं इतकं सोपं आहे की त्यावर लेखाची गरज नाही, खड्डा करा, लावा, पाणी घाला, झालं. पण ज्याच्या पानांवर क्रीम, पांढऱ्या, सोनेरी रंगाचे डाग-पट्टे असतात, व्हेरिगेटेड म्हणतात ते, त्याचं तंत्र जरा वेगळं आहे. तिथे झाड जगवणं हे काम नाहीये, झाड जगतंच. काम आहे पानांचा रंग राखणं, कारण हे झाड संधी मिळेल तिथे परत हिरवं व्हायला बघतं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आधी समजून घ्या की रंग कुठून आला

पानांवरच्या नक्षीचे दोन प्रकार असतात आणि दोघांना वागवायची पद्धत वेगळी.

पहिला प्रकार म्हणजे पानात मधे किंवा खाचांजवळ चॉकलेटी, काळपट डाग. जिरेनियम फेयमची 'समोबोर' जात याचं उत्तम उदाहरण, क्रोएशियात झाग्रेबजवळ समोबोर नावाचं गाव आहे तिथली ही. मोठं मऊ पान आणि त्यावर मधोमध काळपट तपकिरी कडं, बघताक्षणी वाटतं कोणी कुंचल्याने काढलंय. हा डाग रंगद्रव्याचा आहे, पान त्याच्याखाली पूर्ण हिरवंच असतं, त्यामुळे झाड दणकट असतं आणि बी पडून उगवलेल्या रोपांतही बऱ्याचदा डाग उतरतो.

दुसरा प्रकार खरा व्हेरिगेटेड. यात पानाच्या काही भागातल्या पेशींत हरितद्रव्यच नसतं किंवा फार कमी असतं. जिथे क्रीम कडा किंवा शिंतोडे दिसतात तिथे बहुतेक वेळा कोंबाच्या टोकाला दोन तऱ्हेच्या पेशी थरांनी एकत्र वाढत असतात, एक हिरव्या आणि एक पांढऱ्या. त्या थरांचा क्रम जरा बिघडला की नवा फुटवा नुसता हिरवा येतो. आणि पांढरा भाग अन्न तयार करत नाही, म्हणून या जाती हळू वाढतात आणि उन्हाने लवकर करपतात. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

पायरी १: जात निवडा

पहिल्यांदा लावत असाल तर मी सरळ 'समोबोर' सांगेन. सावलीत चालतं, कोरड्या सावलीतही चालतं, चिकणमातीत चालतं, मे महिन्यात काळपट जांभळी फुलं येतात. वर्षभर हे सांभाळा, हात बसला की मग नाजूक प्रकारांकडे जा.

त्यानंतर फेयममध्येच 'व्हेरिगेटम' आहे, कडांना क्रीम शिंतोडे आणि मधेच लालसर ठिपके. 'स्प्रिंगटाइम' मार्च-एप्रिलमध्ये क्रीम-पांढरी कोवळी पानं घेऊन येते, वरती गडद डाग, आणि उन्हाळ्याकडे हळूहळू हिरवी होते, तेव्हा जूनमध्ये ती हिरवट दिसली तर घाबरू नका, ती तशीच आहे. आणि 'मार्गारेट विल्सन', माझी सगळ्यात लाडकी, अख्ख्या पानावर पांढरट जाळी, हिरव्या कापडावर बारीक विणकाम केल्यासारखी. माझी आई पहिल्यांदा सहा महिने राहायला आली तेव्हा तिने एका सकाळी प्रेमाने त्या झाडाची निम्मी पानं खुडून टाकली, म्हणाली, "अगं, रोग पडलाय याच्यावर, बाकीच्या झाडांना लागेल." तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, रोगट पान आणि नक्षीचं पान पटकन ओळखू येत नाही हे खरं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

सावली नसेल आणि जमीन झाकायची असेल तर जिरेनियम मॅक्रोरायझम या दुसऱ्या जातीचं 'व्हेरिगेटम' घ्या. पानं करडी-हिरवी आणि क्रीम, चुरगळली की उग्र छान वास येतो, आणि हिवाळ्यातही बरीचशी पानं टिकतात. साधं हिरवं मॅक्रोरायझम हरळीसारखं पसरतं, हे मात्र शांतपणे पसरतं. मॅक्रोरायझमला बल्गेरियात झ्द्रावेत्स म्हणतात, तिथे हे आरोग्याचं प्रतीक मानतात आणि त्याचं तेलही काढतात.

ऑक्सोनियानम गटात 'कॅथरीन अडेल'च्या पानांवर चॉकलेटी छटा असते, ती पण दणकट आहे. आणि पूर्ण सोनेरी-पोपटी पान हवं असेल तर 'ॲन फोकर्ड', त्यावर किरमिजी फुलं, काळ्या मध्याची, शेजारच्या झुडपांत चढत चढत चार-पाच फूट पसरते. ही काटेकोरपणे व्हेरिगेटेड नाही पण पानांसाठी लावायची म्हणून यादीत घेतली.

पायरी २: विकत घेताना काय बघायचं

शक्यतो एप्रिल-मेमध्ये, पानं फुटलेली असताना, स्वतः डोळ्यांनी बघून घ्या. कुंडीतल्या सगळ्या कोंबांवर नक्षी आहे ना बघा. एखाद-दुसरा कोंब पूर्ण हिरवा असेल तर ती कुंडी ठेवून दुसरी उचला, कारण तो हिरवा कोंब वर्षभरात बाकीच्यांना मागे टाकणार. उलट पूर्ण पांढरी पानं जास्त असतील तर तेही नको, दिसायला मोहक पण त्या रोपाचं पोट भरणार कसं.

मग कुंडी हळूच काढून मुळं बघा. पांढरी-तपकिरी, घट्ट मुळं चांगली. मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती व्हाइन वीव्हिल, मुळं खाऊन टाकते, घरी आणू नका.

हिवाळ्यात पोस्टाने मागवलं तर कुंडीत तुम्हाला फक्त माती आणि एक सुकलेला गड्डा दिसेल, वर एखादा लालसर कोंब. पैसे फुकट गेले असं समजून फेकू नका, फेयम हिवाळ्यात असंच दिसतं.

पायरी ३: जागा

इथे घाई करू नका, दोन-तीन दिवस द्या. जूनमध्ये दुपारी १ ते ४ या वेळात बागेत कुठे सावली पडते ते बघून ठेवा, कारण क्रीम कडा करपतात त्या दुपारच्या उन्हाने. सकाळचं ऊन चालतं, नव्हे, थोडं हवंच, अगदी गडद सावलीत पांढरा भाग असलेली रोपं रडत वाढतात. घराच्या पूर्वेची बाजू, किंवा एखाद्या पानगळी झाडाखालची गाळीव सावली ही सगळ्यात चांगली जागा.

१९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये ४०.३ अंश तापमान गेलं होतं, युकेतला तेव्हाचा उच्चांक, तो आठवडा आठवतो का? माझी एक 'मार्गारेट विल्सन' पश्चिमेच्या कुंपणापाशी होती, दोन दिवसांत जाळीचा सगळा पांढरा भाग कागदासारखा तपकिरी झाला. तीच जात घराच्या पूर्वेला होती तिला काहीही झालं नाही. पाणी दोघींना सारखंच घालत होते. तेव्हापासून मी व्हेरिगेटेड काहीही पश्चिमेला लावत नाही.

अमेरिकेत न्यू जर्सी वगैरे भागात असाल तर उन्हाळा आणखी कडक आणि दमट, तिथे दुपारची पूर्ण सावली धरूनच चला. कॅलिफोर्नियात सावली आणि उन्हाळाभर नियमित पाणी, दोन्ही. ऑस्ट्रेलियात महिने उलटे करून वाचा आणि पूर्व बाजू तीच ठेवा, दुपारचं ऊन तिथेही पश्चिमेकडूनच येतं.

आणि पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी: तिकडे हे झाड लावू नका हो. त्याला खरी थंडी, झोपायला एक हिवाळा लागतो, आपला उन्हाळा आणि वर पावसाळ्याची ओल यात गड्डा कुजेल. सुटकेसमध्ये घालून न्यायचा तर विचारही नको, झाडं देशाबाहेर न्यायला-आणायला रोगमुक्ततेचं सर्टिफिकेट आणि परवाना लागतो. तिकडे दुरंगी पानंच हवी असतील तर पेलार्गोनियममध्ये भरपूर आहेत, 'मिसेस पोलक' नावाची तीन-चार रंगांच्या पानांची जुनी जात आहे, हिवाळ्यात गॅलरीत कुंडीत लावून बघा.

पायरी ४: माती आणि लावणी

लावायला सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल उत्तम. कुंडीतलं रोप असेल तर उन्हाळ्यातही लावता येतं पण मग रोज पाण्याच्या मागे लागावं लागतं.

आमच्याकडे माती चिकण, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात वीट. अशा मातीत लोक एक करतात, खोल खड्डा खणतात आणि त्यात पिशवीतलं मऊ कंपोस्ट भरतात. मीही केलं. हिवाळ्यात आजूबाजूचं पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साचतं, बादलीत साचावं तसं, आणि गड्डा सडतो. त्याऐवजी अख्ख्या वाफ्यावर ५ ते ७ सेंटीमीटर घरचं कंपोस्ट नाहीतर कुजलेला पालापाचोळा पसरा आणि बागेच्या फोर्कने वरच्या थरात मिसळा, मग आपल्याच मातीत रोप लावा.

रोप लावण्याआधी कुंडीसकट दहा मिनिटं बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, खोली मात्र कुंडीएवढीच. मुळं गोल गोल गुंडाळली असतील तर बोटांनी मोकळी करा. गड्ड्याचा माथा मातीच्या लेव्हलला यायला हवा, खोल पुरलात तर कोंब कुजतात. मॅक्रोरायझमचं जाड आडवं खोड थोडं वर दिसलं तरी चालतं, त्याची सवयच तशी आहे. दोन रोपांत ४० ते ४५ सेंटीमीटर अंतर. सुरुवातीला फार मोकळं मोकळं वाटेल, तरी ठेवा. मातीवर पाय न देता हाताने दाबा आणि भरपूर पाणी घाला, माती मुळांना नीट चिकटेपर्यंत.

भाड्याच्या घरात असाल तर कुंडीत लावा, २५ ते ३० सेंटीमीटर रुंद कुंडी, जॉन इन्स नंबर ३ सारखं मातीवालं मिश्रण आणि त्यात थोडं पानांचं खत. नुसत्या हलक्या कंपोस्टमध्ये कुंडी एकदा सुकली की पाणी शोषतच नाही. दर दोन वर्षांनी माती बदला, आणि बदलताना वीव्हिलच्या अळ्या शोधा, कुंडीत त्या हमखास येतात.

पहिला उन्हाळा आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी द्या, रोज शिंपडू नका. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतलं फेयम स्वतःचं बघून घेतं. खताचा मारा पण नको, नायट्रोजन जास्त झालं की देठ लांबतात, झाड मधून फाटून आडवं पडतं. मार्चमध्ये कंपोस्टचा एक थर, बास.

पायरी ५: राखण

हीच खरी पायरी आणि हीच लोक विसरतात.

एप्रिल ते जून दर आठवड्याला झाडापाशी खाली बसा, चहाचा कप घेऊन बसा हवं तर, आणि पूर्ण हिरवा फुटवा कुठे आलाय का शोधा. दिसला की कात्रीने मधे छाटायचा नाही, मधे छाटला तर खालून दोन हिरवे येतात. माती थोडी बाजूला करायची, तो फुटवा गड्ड्यातून जिथून निघालाय तिथपर्यंत जायचं आणि तिथून तोडून काढायचा, गड्ड्याचा छोटा तुकडा निघाला तरी हरकत नाही. जीव होत नाही माहितीये, सगळ्यात तजेलदार कोंब तोच असतो, पण तोच बाकीचं अन्न आणि उजेड खातो. मी एक वर्ष सोडून दिलं होतं, बाळंतपणाचं वर्ष होतं, बागेत जाणं झालंच नाही, पुढच्या मेमध्ये 'व्हेरिगेटम'च्या जागी उत्तम निरोगी हिरवं झाड उभं होतं आणि कडेला क्रीम रंगाची फक्त तीन पानं. त्या तीन पानांचा कोंब खणून काढून कुंडीत वाढवला, आज माझ्याकडे जी दोन झाडं आहेत ती त्यातूनच झाली. तेव्हा सगळं हिरवं झालेलं दिसलं तरी आधी कडेकडेने शोधा.

दुसरा धोका बियांचा. ती चोचीसारखी शेंग वाळली की तिच्या पट्ट्या स्प्रिंगसारख्या उलट्या वळतात आणि बी लांब फेकलं जातं. फेयमचं बी भराभर रुजतं, आणि क्रीमवाल्या जातींची पिल्लं बहुतेक हिरवीच निघतात. ती आईच्या पायाशीच उगवतात आणि दोन वर्षांत अक्षरशः तिच्या मुळावर येतात, मग आपल्याला वाटतं झाड हिरवं झालं, प्रत्यक्षात ते दुसरंच झाड असतं. म्हणून चोची हिरव्या आहेत तोवरच फुलांचे देठ कापून टाका.

किंवा सरळ पुढची गोष्ट करा, जी ऐकून नवीन माणसाला धडकी भरते: फुलं संपत आली की, साधारण जूनच्या मध्या-शेवटाला, अख्खं झाड जमिनीपासून ३-४ सेंटीमीटर ठेवून कापून टाका. पानं, देठ, सगळं. मग बादलीभर पाणी. दोन-तीन आठवड्यांत नवीन कोवळी पानं येतात, ताज्या नक्षीची, भुरी पडलेली जुनी पानं पण त्यातच जातात. फेयम आणि ऑक्सोनियानमला हे मानवतं. मॅक्रोरायझमला मात्र असं बोडकं करू नका, त्याची फक्त फुलं काढा, आणि 'ॲन फोकर्ड' तर उन्हाळाभर फुलत असते, तिला हिवाळ्यापर्यंत हात लावायचा नाही.

रोग की नक्षी?

आईला आलेली शंका. नक्षी असेल तर हिरव्या-पांढऱ्याची सीमा स्पष्ट असते, पान ताठ असतं, आणि कोवळ्या पानापासूनच ती दिसते. अन्नद्रव्य कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट पिवळा पडत जातो, सुरुवातीला ठीक असलेलं पान नंतर पिवळं होतं. आणि हिरव्या जातीच्या झाडावर अचानक पिवळे अस्पष्ट ठिपके आणि पानं वाकडी-आक्रसलेली दिसली तर व्हायरसची शंका घ्या, ते झाड खणून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही, आणि कात्री धुवा. पांढरी पूड म्हणजे भुरी, कोरड्या मुळांमुळे येते, कापून पाणी घाला. पानांना गोल गोल भोकं म्हणजे सॉफ्लाय नावाच्या किड्याची अळी, झाड त्याने मरत नाही, मी दुर्लक्ष करते. गोगलगायी होस्टा फस्त करतात पण याला फारशा शिवत नाहीत, हरणं आणि ससे पण सहसा नाही.

पायरी ६: एकाची चार करायची

तीन-चार वर्षांनी मधला भाग विरळ झाला की ऑक्टोबरात किंवा मार्चच्या सुरुवातीला फोर्कने अख्खा गड्डा उचला. वसंतात केलं तर कोंबांचे रंग दिसायला लागलेले असतात, म्हणून व्हेरिगेटेडसाठी मला मार्चच आवडतो. जुन्या ब्रेड नाइफने तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला मुळं आणि निदान दोन कोंब, आणि दोन्ही कोंब नक्षीचे. हिरवे कोंब याच वेळी वेगळे काढा. मधला लाकडासारखा झालेला भाग टाका, कडेचे तुकडे लावा, पाणी द्या.

बी पेरून क्रीम पानांची जात मिळेल या आशेवर राहू नका. आणि नुसत्या मुळांच्या तुकड्यांतूनही नको, कारण मुळातून येणारा नवा कोंब आतल्या एकाच थराच्या पेशींतून बनतो, त्यात ती थरांची जोडी उतरत नाही आणि रोप बहुतेक एकरंगीच निघतं. मॅक्रोरायझमचे जाड तुकडे चालतात, ते दिसतात मुळासारखे पण असतात खोड, टोकाला पानांचा झुबका ठेवून अर्धे मातीत खोचले की महिनाभरात धरतात.

तुकडे जास्त झाले की वाटा. देताना त्या कोंबावरची नक्षी दाखवून द्या आणि हिरवा फुटवा कुठून तोडायचा तेही तिथेच खाली बसून दाखवा, नुसतं रोप हातात दिलं तर दोन वर्षांनी त्यांच्याकडे हिरवंच झाड असेल.